ब्रेक लागला न्हाई

मी शिवकांतची सायकल बोलतेय, वालूरमधल्या एका बैठकीच्या भिंतीला टेकून.

अनुपमा खंडेनवमीच्या सकाळी घरी आली. शिवकांतची ही धाकटी बहीण. जायबंदी झालेल्या खेळाडूंना पुन्हा उभं करण्याचं शास्त्र शिकायला ती स्कॉटलंडला गेली होती आणि शिक्षण संपताच परतली होती. येताना तिनं मनात एक घर रंगवलं होतं. त्या घरात भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला होता, आई रडून अर्धी झाली होती आणि मी मागच्या खोलीत पोत्यांखाली गंजत होते. आपण जायचं, खिडक्या उघडायच्या, भावाकडून रोज व्यायाम करून घ्यायचा, दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा आणि ते घर हळूहळू जागं करायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

सापडलं ते वेगळंच. शिवकांत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसला होता आणि आल्यागेल्याशी हसून बोलत होता. खिडक्या उघड्याच होत्या. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. आणि खाटेसमोर मी उभी होते, धुतलेली, पुसलेली, चकचकीत. माझ्या हँडलवर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले होते. पुढ्यात समई होती.

अनुपमा माझ्याकडे बघतच राहिली. "आई, हिची पूजा करायलीस तू?"

"का करू नये?" नागुबाई म्हणाल्या. "तिचा काय दोष? दोष त्या मंग्याचा." दूध उतू चाललंय हे सांगावं इतक्या साध्या आवाजात त्या हे बोलल्या. या घरात रडून झालं होतं. गुन्हेगार सापडला होता, त्यामुळे सगळे शांत होते.

माझी कहाणी थोडी मागून सांगायला हवी.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. मी डाउनहिलची सायकल आहे, म्हणजे फक्त डोंगर उतरण्यासाठी बनवलेली. माझ्या पुढच्या चाकाला दोन जाड दांड्यांचा झटके पिणारा काटा आहे, मागं मोठी स्प्रिंग आहे. मी जड आहे. चढावर मला कुणी चालवत नाही, माथ्यापर्यंत गाडीत घालून नेतात. तिथून स्वार एकटा सुटतो. दगड, मुळं, उड्या, निसरडी वळणं, आणि खाली पायथ्याशी त्याची वाट बघणारं घड्याळ. शेजारी कुणी प्रतिस्पर्धी नसतो. जो लवकर पोचला, तो जिंकला.

शिवकांत हे काम पगार घेऊन करायचा. पुण्यात शिकायला गेला तेव्हा तो सह्याद्रीच्या उतारांवर पोरांबरोबर सायकल घेऊन जायला लागला, मग राज्यात पहिला आला, मग हिमाचलातल्या एका संघानं त्याला ठेवून घेतलं आणि मला त्याच्या हाती दिलं. आम्ही नेपाळला गेलो, मलेशियाला गेलो. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो अख्खा ट्रॅक पायी उतरायचा. एकेका दगडापाशी थांबायचा, डोळे मिटून, हात हवेत धरून तिथलं वळण घेऊन बघायचा. लोकांना वाटतं हे धाडसाचं काम आहे. मी खालून पाहिलंय, ते पाठांतराचं काम आहे. दर हंगामात त्याचं काहीतरी मोडायचं: कधी गळ्याचं हाड, कधी मनगट. ते जुळेपर्यंत तो माझ्याशेजारी बसून चित्रफिती बघायचा आणि आपण कुठं चुकलो ते शोधायचा. चूक सापडली की त्याला बरं वाटायचं. चूक लपवणं त्याला जमायचंच नाही. म्हणून पुढं जे झालं त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

दसऱ्याला तो मला घेऊन घरी यायचा. पहिल्यांदा आलो तेव्हा कल्याणरावांच्या कापड दुकानापुढं गर्दी झाली होती. कल्याणराव म्हणजे शिवकांतचे वडील, गावातले जुने व्यापारी.

"स्टँड न्हाई, कॅरिअर न्हाई, मडगार्ड न्हाई," शेजारचे माणिकराव मला वाकून बघत म्हणाले होते. "लुटलं की वो पोराला दुकानदारानं."

"ही चालवायचा पगार मिळतो त्याला," कल्याणराव म्हणाले.

"सायकल चालवायचा पगार? मग आपल्या पोस्टमनला मंत्री करायला पायजे."

सगळे हसले. शिवकांत पण हसला. फक्त एक जण माझ्यापुढं उकिडवा बसून माझ्या ब्रेकला हळूच बोट लावत होता. तो मंगेश. बसस्टँडच्या रस्त्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शिवकांत आणि तो शाळेपासूनचे मित्र. जिंतूरच्या बाजूच्या डोंगरावर भाड्याच्या सायकली नेऊन दोघं बिनब्रेकचे खाली यायचे आणि घरी मार खायचे. दुपारचं जेवण मंगेश बहुतेक वेळा याच घरी जेवायचा. नागुबाई त्याला वाढताना विचारायच्या नाहीत, वाढायच्या.

गेल्या वर्षी कल्याणरावांच्या मनात आलं की, यंदाचं सीमोल्लंघन डोंगरावर करायचं. "जगभर चालवलीस, एकदा आपल्या माणसांना तर दाव," ते शिवकांतला म्हणाले. दसऱ्याच्या दुपारी सगळ्यांनी टेम्पोनं जिंतूरच्या बाजूला जायचं, पायथ्याशी बसायचं आणि शिवकांतनं माथ्यावरून उतरून दाखवायचं असं ठरलं. नागुबाईंनी तोवर मुलाला कधीच शर्यतीत पाहिलं नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मंगेशनं अंगणात माझे ब्रेक तपासले. माझ्या ब्रेकच्या नळीत तेल असतं. मूठ दाबली की त्या तेलाच्या दाबानं चिमटा मिटतो आणि चाकाजवळची पोलादी चकती धरून ठेवतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मूठ पोकळ लागते. मंगेशनं पिचकारीनं नवं तेल भरलं, हवा काढली, मूठ दाबून बघितली, पुन्हा दाबून बघितली. नागुबाई तांदूळ निवडत ओसरीवर बसून हे सगळं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या घरात त्या दिवशी कापड मोजायचा गज, कात्र्या आणि नागुबाईंचं शिलाई मशीन धुऊन-पुसून पाटावर मांडतात. त्यांच्या शेजारी मला उभं केलं. नागुबाईंनी मशीनला नेहमीप्रमाणे कुप्पीतून तेल सोडलं. मग माझ्याकडे वळल्या. माझं चाक फिरवलं की ब्रेकजवळ बारीक कुरकुर व्हायची, ती त्यांनी सकाळीच ऐकली होती.

"तेल मागायलंय लेकरू," त्या म्हणाल्या. मंगेशनं काल ब्रेकमध्येच तेल घातलं होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी कुप्पी तिरपी केली, दोन्ही चकत्यांवर धार धरली आणि कापसाच्या बोळ्यानं ते तेल मायेनं चोळून बसवलं. मग विभूती लावली, हात जोडले.

नळीच्या आतलं तेल माझा ब्रेक चालवतं. चकतीवरचं तेल त्याला मारून टाकतं. एवढाच फरक, आणि तो सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

माथ्यावर शिवकांतनं मला टेम्पोतून उतरवलं, चार पावलं ढकललं आणि सवयीनं ब्रेक दाबला. मी थांबले नाही. त्यानं खाली वाकून चकतीला बोट लावलं, नाकाशी नेलं. घरच्या शिलाई मशीनच्या तेलाचा वास होता. त्याचा चेहरा मी जवळून पाहिला. कुणाचा हात लागलाय ते त्याला त्या क्षणी कळलं.

खाली मंडप दिसत होता, हलगी वाजत होती. त्यानं चकत्यांवर कोरडी माती चोळली, शर्टानं पुसल्या. सुरुवातीचा उतार सौम्य होता. तेवढ्यात ब्रेक दाबून धरले तर तापून तेल जळून जाईल, असा त्यानं हिशोब केला. आपल्या संघासोबत असता तर तो पायी उतरला असता. पण खाली आई पहिल्यांदा बघायला बसली होती, आणि ‘उतरत न्हाई’ म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं, गावासमोर.

तेल जळलं नाही. मोठ्या उडीनंतरच्या वळणावर त्यानं दोन्ही मुठी दाबल्या आणि आम्ही सरळ बाभळीकडे गेलो. तो पाठीवर खडकावर पडला, मी त्याच्यावर.

सगळ्यांत आधी मंगेश धावत वर आला. "काय झालं? शिवा, काय झालं?"

"ब्रेक लागला न्हाई," शिवकांत म्हणाला.

तेवढ्यात मागून नागुबाईंचा हंबरडा ऐकू आला आणि शिवकांतनं तोंड मिटलं. वाक्य अर्धंच राहिलं. गावानं ते तसंच उचललं. परवा ब्रेक कुणी खोलला होता, ते सगळ्यांना माहीत होतं.

परभणीचं हॉस्पिटल, मग संभाजीनगरचं. कमरेखाली त्याला काही कळत नाही, कळणार नाही. संघाचे सुरुवातीला फोन आले, नंतर त्यांनी त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतला. अनुपमाला घरच्यांनी ‘पाय मोडलाय’ एवढंच सांगितलं होतं. खरं कळलं तेव्हा तिचं शेवटचं वर्ष सुरू झालं होतं आणि शिवकांतनंच तिला परत येऊ दिलं नाही. कल्याणरावांनी दुकानासमोर भर बाजारात मंगेशच्या मुस्काटात मारली. तो उभाच राहिला. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा त्यानं गाल पुढं केला. तिथं असलेल्या माणसांनी त्याचा अर्थ एकच लावला.

माझं मोडकं चाक बदलून कल्याणरावांनी मला बैठकीत आणलं. ब्रेकला कुणी हात लावला नाही. तेव्हापासून रोज दिवेलागणीला नागुबाई माझ्यापुढं समई लावतात आणि पुटपुटतात, "ज्यानं माझ्या लेकराचं वाटोळं केलं, त्याचे हात झडू दे." शिवकांत समोर खाटेवर असतो. रोज ऐकतो. ज्या बाईसाठी तो गप्प बसला, तिच्या तोंडातून तो रोज हे वदवून घेत होता.

आता पुन्हा यंदाच्या खंडेनवमीकडे येते.

दुपारी पूजा झाली. गज, कात्र्या, मशीन. अनुपमा प्रवासानं आंबलेली, दाराला टेकून बघत होती. नागुबाईंनी मशीनला तेल सोडलं, आणि कुप्पी घेऊन माझ्याकडे आल्या. वाकल्या. चकतीवर धार धरली.

अनुपमा दारातून हलली. "आई, हे काय करायलीस?"

"तेल लावायलीये. दर खंडेनवमीला नको का लावायला? गेल्या वर्षी तर तो दुसऱ्याच दिवशी हिला डोंगरावर न्यायचा होता, म्हणून चांगलं चोळून लावलं होतं मी."

स्कॉटलंडात ती अशा शर्यतींच्या पायथ्याशी उभी राहून पडलेल्या पोरांना उचलत आली होती. तिला चकती म्हणजे काय ते माहीत होतं. आई आत गेल्यावर ती माझ्यापाशी बसली, ब्रेकची मूठ दाबली. मूठ घट्ट लागली, जराही पोकळ नाही. मूठ दाबून धरूनच तिनं दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. चाक चिमट्यातून सुळकन फिरलं.

तिनं मान वर केली. शिवकांत तिच्याकडेच बघत होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हळू बोल."

"वरच कळलं होतं ना तुला?"

"अनु, दार लोटून घे आधी."

तिनं दार लोटलं नाही. चपला घातल्या आणि निघून गेली. परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. खाटेच्या कडेला बसली.

"मंगेशकडं गेले होते," ती म्हणाली. "दुकान बंद हाय त्याचं. सेलूच्या मोंढ्यात पोती उचलायला जातो. आज घरी होता. घरात पाट मांडला होता, पाटावर फक्त विळी होती. त्याची आई म्हणली, पान्यांची पेटी त्यानं गेल्या वर्षीच विहिरीत टाकली."

शिवकांत हातांवर भार देऊन तिच्याकडे सरकला.

"मी काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला. म्हणला, ताई, नळीत हवा ऱ्हायली असंल. मी दोनदा बघितलं होतं, तिसऱ्यांदा बघायला पायजे होतं. शिवाला सांगा, मी त्याच्यासमोर यायच्या लायकीचा न्हाई."

"असं म्हणला?"

"लोक म्हणायलेत म्हणून तो ऐकून घ्यायलाय असं वाटत होतं ना तुला? त्याला खरंच वाटायलंय, दादा. आपण तुझे पाय घेतले असं तो धरून बसलाय."

शिवकांतनं दोन्ही हातांनी आपल्या मांड्या दाबल्या, जणू तिथं दुखत होतं. "मला मालूम न्हवतं," तो म्हणाला. "मला वाटलं, लोक दोन दिवस बोलतील. मग अप्पांनी बाजारात त्याच्यावर हात टाकला. मग आईनं ते सुरू केलं, समईपाशी. मग कुठून सांगू, कसं सांगू. रोज एक दिवस जास्त व्हायला लागला."

"आता सांग."

"मंग्याला एकट्याला सांग तू. उद्याच सांग. माझी शप्पथ घालून सांग त्याला. पण आईला न्हाई." त्यानं तिचं मनगट धरलं. "ती जगणार न्हाई, अनु. तिनं मायेनं लावलं होतं."

अनुपमा उंबऱ्यावर जाऊन बसली. तिला हे पटत होतं, हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. मंगेश सुटेल, आई वाचेल. कुणाचंच नुकसान नाही. रुग्णापासून काही लपवायचं नाही, असं तिला तिकडं शिकवलं होतं आणि तिनं ते अगदी मनापासून मानलं होतं. पण तिथल्या कुठल्याच रुग्णानं तिला लहानपणी केस विंचरून दिले नव्हते.

मग नागुबाई समई लावायला आल्या. हात जोडून नेहमीचं पुटपुटल्या. "त्याचे हात झडू दे." आणि वळून लेकीला प्रेमानं म्हणाल्या, "चल, जेवायला वाढते. किती वाळलीस."

अनुपमा जेवली नाही.

सकाळी दसरा. कल्याणराव फेटा बांधून आपट्याची पानं घेऊन बसले होते. नागुबाई माझ्यासाठी झेंडूचा ताजा हार घेऊन आल्या. अनुपमा न्हाऊन तयार होती. तिनं पुढं होऊन आईच्या हातातला हार काढून घेतला आणि खाली ठेवला.

"आई, तू बस. अप्पा, तुमी बी कुठं जाऊ नका. मी मंगेशला घेऊन यायलीये."

"कोण मंगेश?" कल्याणराव म्हणाले. ते चांगलं जाणत होते.

"आपलाच. दादाचा दोस्त."

"त्याला या उंबऱ्याच्या आत आणणार तू? सणाच्या दिवशी?"

"हो. आत आणणार. इथं खाटेपाशी बसवणार."

"अनु," शिवकांत म्हणाला. "काल काय बोललो होतो आपण?"

"तू बोलला होतास. मी हो म्हणले न्हवते." ती खाटेपाशी आली. "मंगेशला कोपऱ्यात नेऊन सांगितलं तर त्यानं काय करायचं, दादा? बाजारात मार खाल्लेलं तोंड घेऊन तसंच फिरायचं, आणि वर आईसाठी गप्प पण बसायचं? तू उचललंस ते ओझं त्याच्यावर टाकू का? मला बी तुमी असंच जपलं. पाय मोडलाय म्हणले. मी तिकडं परीक्षा संपल्याच्या रात्री मैत्रिणींना केक कापून चारत होते. जपणं असलं नको मला, आणि आईला पण नको. ती रोज त्याला शाप द्यायलीये. उद्या कुठून तरी कळलं, तर त्या शापांचं ती काय करंल?"

"कशाचं काय कळलं?" नागुबाई म्हणाल्या. त्या एकदा मुलाकडे, एकदा मुलीकडे बघत होत्या. "काय बोलायलाव तुमी दोघं?"

अनुपमा आईपाशी बसली, तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "मी आज कुठं जात न्हाई, उद्या बी न्हाई. तुझ्यापाशीच झोपणार हाय. पण आधी त्याला आणू दे." मग शिवकांतकडे वळून म्हणाली, "तू सांगितलंस तर बरं. न्हाईतर मी सांगेन. पण आज, आणि त्याच्या समोर."

ती उठली आणि बाहेर पडली.

आता बैठकीत तिघं आहेत आणि मी आहे. कल्याणरावांच्या हातात पानं तशीच आहेत. शिवकांतनं आईला खाटेवर आपल्या शेजारी बोलावून घेतलंय. दोघंही दाराकडे बघतायत. थोड्या वेळात या घराची शांतता मोडणार आहे, आणि ती पुन्हा कधी जुळेल की नाही, मला सांगता येणार नाही. मी उतरायला शिकलेली सायकल आहे. पुढं चढ असला की माझं काही चालत नाही.

मला पुन्हा डोंगरावर न्या, असं मी मागत नाही. माझा स्वारच नाही, तर डोंगर कुणाला हवा? हार आणि समईसुद्धा आवरून ठेवा. मागणं एकच आहे. मंगेश आत आला की कुणीतरी त्याच्या हातात एक पाना द्या. शेजाऱ्याकडून मागून आणा, पण द्या. त्याला माझा ब्रेक स्वतःच्या हातानं खोलू द्या. नळीत हवा नव्हती, हे तो दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून मानणार नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमचा निरोप घेते. गल्लीत पावलं वाजतायत. दोन माणसांची आहेत.